साचा नसताना हव्या त्या आकाराची कुकी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कुकीचा साचा हाताशी नसताना, केवळ सुरीने आणि घरातल्या वस्तूंनी मनातला आकार कसा कापावा, या एकाच विषयावर या वेळी इतकी पत्रे आली की हा संपूर्ण स्तंभ त्यालाच द्यावा असे आम्ही ठरवले. बहुतेक पत्रलेखकांनी दोष सुरीला किंवा स्वतःच्या हाताला दिला आहे. आमचे मत वेगळे आहे. आकार बिघडतो तो पिठाला लागलेल्या उबेमुळे आणि कापलेला नाजूक तुकडा उचलून दुसरीकडे ठेवण्याच्या खटपटीमुळे. या दोन गोष्टी टाळल्या तर चित्रकलेचा हात नसलेल्या माणसालाही रेखीव कुकी कापता येते.

प्रश्न : माझ्या मुलीच्या शाळेत सागरी कासवांवर उपक्रम आहे. त्यासाठी वर्गातल्या मुलांना कासवाच्या आकाराच्या कुकीज द्यायच्या आहेत. इथल्या दुकानांत बदाम, चांदणी, फूल आणि गोल एवढेच साचे मिळतात. शिवाय मुलीला कोणतेही कासव चालणार नाही, आपल्या किनाऱ्यावर येणारे ऑलिव्ह रिडलेच हवे आहे. असा आकार सुरीने कापता येईल का? कृती बिनअंड्याची असावी. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नक्की कापता येईल, आणि मुलीचा आग्रह अगदी रास्त आहे. मंडणगड तालुक्यातले वेळास किंवा दापोलीजवळचे आंजर्ले अशा किनाऱ्यांवर अंडी घालायला येणाऱ्या या कासवाची ठेवण इतर कासवांपेक्षा निराळी असते. त्याची पाठ जवळजवळ जेवढी लांब तेवढीच रुंद असते आणि शेपटीकडे किंचित निमुळती होत जाते; पुढचे दोन पाय वल्ह्यासारखे लांब, तर मागचे आखूड असतात. पाठीच्या मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना ज्या पट्टिका असतात, त्या ‘हिरवे कासव’ नावाच्या दुसऱ्या सागरी कासवात प्रत्येक बाजूला चार असतात, तर रिडलेत बहुधा सहा किंवा त्याहून अधिक. एवढे तीन विशेष कुकीत उतरले तर जाणकाराला कासव ओळखू येईल.

मात्र हुबेहूब चित्र आणि कुकीचे चित्र यांत एक फरक ठेवावा लागतो. जो भाग दीड सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तो ओव्हनमध्ये बाकीच्या कुकीआधी करपतो आणि मुलांच्या हाती पडण्याआधी मोडतो. म्हणून पुढचे पाय शरीरापासून दूर पसरलेले न काढता मागे वळवून पाठीच्या कडेला टेकतील असे काढावेत, आणि मान प्रत्यक्षापेक्षा जाड ठेवावी. डोक्यापासून शेपटीपर्यंत नऊ ते दहा सेंटिमीटर लांबी सोयीची असते. कागदाची मधोमध घडी घालून त्यावर कासवाची फक्त अर्धी बाजू काढावी आणि घडीसकट कापावी, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात.

शिंपी जसा कागदी बेतावरून कापड बेततो, तसा या कागदावरून आपल्याला एक टिकाऊ नमुना बनवायचा आहे. त्यासाठी खाद्यपदार्थाच्या डब्याचे पातळ, पारदर्शक झाकण धुऊन पुसून घ्यावे आणि त्यातून आकार कापावा. खालचे पीठ दिसत राहते, त्यामुळे नमुने हव्या त्या अंतरावर नीट बसवता येतात. पुठ्ठा वापरायचा असल्यास त्याला दोन्ही बाजूंनी बटर पेपर गुंडाळावा, कारण छापील पुठ्ठ्याची शाई पिठाला लागता कामा नये. वर्तमानपत्राचा कागद तर अजिबात वापरू नये. अन्न गुंडाळण्यासाठी आणि ठेवण्यासाठी वर्तमानपत्र वापरण्यास अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी मनाई केली आहे, आणि त्यामागचे कारण हीच शाई आहे.

आता पिठाविषयी. मैदा २६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम, बटर १८० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, थोडा व्हॅनिला इसेन्स आणि गरजेपुरते एक ते दोन मोठे चमचे थंड दूध, एवढेच साहित्य लागते. बटर खारे असेल तर वेगळे मीठ घालू नये. बेकिंग पावडर आणि सोडा यांपैकी काहीही घालायचे नाही. अंड्याची उणीव येथे भासत नाही. पाश्चात्त्य देशांतली शॉर्टब्रेड नावाची जुनी कुकीसुद्धा बिनअंड्याचीच असते आणि ती आकार उत्तम धरते. बटर आणि पिठीसाखर नुसती एकजीव होईपर्यंतच घोटावी. केकसाठी करतो तसे पांढरे, हलके होईपर्यंत फेटल्यास त्यात हवा भरली जाते आणि भाजताना ती फुगून कडा गोलसर करते. मग मैदा व कॉर्नफ्लोअर मिसळून पीठ हाताने दाबून एकत्र आणावे. पोळीच्या कणकेसारखे ते तिंबू नये, कारण तिंबण्याने ग्लुटेनचे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाचे, जाळे ताणले जाते आणि कापलेला आकार नंतर आक्रसतो.

हे पीठ पोळपाटावर न लाटता बटर पेपरच्या दोन तावांमध्ये ठेवून लाटावे. त्यामुळे वरून मैदा भुरभुरावा लागत नाही. जाडी पाच ते सहा मिलिमीटर असावी, आणि ती सगळीकडे सारखी येण्यासाठी पिठाच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून लाटणे फिरवावे. त्यानंतर कागदासकट ही पोळी सपाट ताटात ठेवून किमान अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. कागदाचे टोक धरून उचलल्यावर ती वाकली नाही, म्हणजे कापण्याजोगी झाली असे समजावे. या अर्ध्या तासाचा कंटाळा अनेकांना येतो, पण पुढचे सगळे काम त्याच्यावर उभे आहे.

कापण्यापूर्वी वरचा कागद सोडवून पुन्हा हलकेच ठेवावा, पोळी उलटी करावी आणि आता वर आलेला कागद काढून टाकावा. असे केल्याने पोळी खालच्या कागदालाही घट्ट चिकटून राहत नाही. नमुन्याच्या खालच्या बाजूला मैद्याचे बोट फिरवून तो पोळीवर ठेवावा. सुरी लहान, टोकदार आणि धारदार हवी. ती पेन्सिलीसारखी तिरपी धरून ओढत नेण्याचा मोह होतो, पण ओढल्याने पीठ पात्याबरोबर सरकते आणि वळणावर फाटते. त्याऐवजी पाते उभे धरावे, टोक सरळ खाली कागदापर्यंत दाबावे, वर उचलावे आणि अर्धा सेंटिमीटर पुढे पुन्हा दाबावे. असे छोटे छोटे काप एकमेकांना जोडत जावे. वळण आले की मनगट न वळवता खालचा कागद फिरवावा. हात आपल्या सोयीच्या एकाच कोनात राहिला की रेषा स्थिर येते.

कोपऱ्यांचे दोन प्रकार असतात आणि दोन्हींची रीत वेगळी आहे. बाहेर येणारे टोक, उदाहरणार्थ वल्ह्यासारख्या पायाचे अग्र, नेहमी टोकाकडून शरीराकडे कापत आणावे, म्हणजे टोक पात्याबरोबर ओढले जात नाही. आत जाणारा कोपरा, म्हणजे मान आणि पाय यांच्यामधली खाच, ही फाटण्याची खरी जागा असते. तेथे आधी टूथपिकने आरपार एक छिद्र पाडावे आणि दोन्ही बाजूंचे काप त्या छिद्रापर्यंत आणून थांबवावेत. दर दोन-तीन कासवांनंतर पाते ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे, कारण पात्यावर साचलेले बटर पुढचा काप खडबडीत करते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे : कासव उचलायचे नाही, त्याच्या भोवतालचे पीठ उचलायचे. कडेचे तुकडे सुरीच्या टोकाने सोडवून बाजूला काढले की कासव कागदावर जसेच्या तसे राहते. हा कागद तसाच बेकिंगच्या ट्रेवर सरकवावा. ओव्हनमध्ये कुकी थोडी पसरते, म्हणून दोन कासवांमध्ये दोन सेंटिमीटर जागा राहील असे नमुने आधीच मांडलेले असावेत. पाठीवरच्या पट्टिका सुरीच्या बोथट बाजूने एक ते दीड मिलिमीटर खोल कोराव्यात. याहून उथळ रेषा भाजल्यावर पुसट होतात आणि याहून खोल रेषेवर कुकी मोडते. आधी मधली ओळ कोरावी, मग दोन्हीकडच्या सहा-सहा पट्टिका, आणि हे काम मुलीलाच करू द्यावे असे आम्हाला वाटते.

भाजण्यापूर्वी संपूर्ण ट्रे १५ मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावा. ट्रे मावत नसेल तर कागद ताटात घेऊन ठेवावा आणि नंतर ट्रेवर सरकवावा. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये, मधल्या खणात, १७० अंश सेल्सिअसला १२ ते १५ मिनिटे भाजावे. पायांच्या कडा आधी तांबूस होऊ लागल्या तर तेवढ्या भागावर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा सैलसर ठेवावा. बाहेर काढल्यावर कुकी मऊ लागते, कारण तिच्यातले बटर अजून द्रवरूप असते. ट्रेवरच दहा मिनिटे निवू द्यावी आणि मगच जाळीवर काढावी. वरील प्रमाणात साधारण २० कासवे होतात.

प्रश्न : मी नानकटाईच्या पिठाला लाटून त्यातून मोराचा आकार सुरीने कापला. कापताना तो सुरेख दिसत होता, पण ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा एक पसरट गोळा झाला होता. सुरी बोथट असल्याने असे झाले का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सुरीचा येथे काहीही दोष नाही. नानकटाईचे पीठ पसरण्यासाठीच बांधलेले असते. तिच्यावर पडणाऱ्या भेगा आणि तिचा खुसखुशीतपणा हे त्या पसरण्याचेच फळ आहे. तुपात जवळजवळ सगळा स्निग्धांशच असतो. बटरमध्ये तो ८० टक्क्यांच्या आसपास असतो आणि उरलेल्यात मुख्यतः पाणी असते. हे थोडे पाणी मैद्याला धरून ठेवायला उपयोगी पडते. तुपाच्या पिठात ते नसल्याने कापताना कडा भुरभुरतात आणि उष्णता लागताच आधार सुटतो. त्यात सोडा असला तर तो पिठाला फुगवतो, पसरवतो आणि रंगही लवकर आणतो.

ओव्हनमध्ये प्रत्यक्षात एक शर्यत चालू असते. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते, आणि पिठाला स्वतःचा घट्टपणा येतो तो त्यापेक्षा पुष्कळ वरच्या तापमानाला. या दोन क्षणांमध्ये जेवढा वेळ जाईल तेवढी कुकी पसरेल. म्हणून पीठ थंडगार हवे आणि ओव्हन पूर्ण तापलेला हवा, म्हणजे हे अंतर कमी होते. कोमट ओव्हनमध्ये ट्रे ठेवून मग तापमान वाढवणे, किंवा पहिल्या खेपेच्या गरम ट्रेवरच दुसरी खेप ठेवणे, या दोन्हींमुळे मोराचा तुरा हमखास जातो. दाणेदार साखर घातली असेल तर तीही कारणीभूत ठरते, कारण ती भाजताना विरघळून पीठ सैल करते. पिठीसाखरेने असे कमी होते.

तुपाची चव सोडवत नसेल तर १०० ग्रॅम बटरऐवजी ८० ग्रॅम घट्ट थिजलेले साजूक तूप घ्यावे आणि पाण्याची उणीव भरून काढण्यासाठी एक मोठा चमचा थंड दूध घालावे. सोडा वगळावा. घरच्या लोण्याबाबत मात्र आमचा सल्ला सावध आहे : त्यात ताकाचा आणि पाण्याचा अंश किती राहिला आहे हे दर वेळी बदलते, त्यामुळे एकदा जमलेले प्रमाण पुढच्या वेळी चुकते. लोणी बर्फाच्या पाण्यात धुऊन, दाबून पाणी काढून मगच वापरावे, आणि तरीही पहिल्यांदा एकच कुकी भाजून पाहावी. मोराबद्दल सांगायचे तर पिसाऱ्याची पिसे सुटी कापू नयेत. पंख्यासारखा सलग पिसारा कापून त्यावर सुरीच्या पाठीने पिसे कोरावीत.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात पीठ फ्रीजमधून काढताच मऊ पडते. निम्मा आकार कापून होतो तोच बाकीचे पीठ सुरीला चिकटू लागते. यावर काही उपाय आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : विदर्भातल्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराचे तापमान बटरच्या वितळण्याच्या तापमानाहून अधिक असते, त्यामुळे घाई करून काही साधणार नाही, कामाची विभागणीच करावी लागते. पीठ एकदम सगळे न लाटता चार भाग करावेत, चारही भाग वेगवेगळ्या कागदांत लाटून ताटात एकावर एक रचून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि एका वेळी एकच काढावा. कापण्यासाठी लाकडी पोळपाटाऐवजी स्टीलचे मोठे ताट उलटे घालून घ्यावे आणि त्याच्याखाली बर्फाचे पाणी भरलेली परात ठेवावी. धातू गारवा चटकन पोहोचवतो. ताटाच्या बाहेरून जमणारे दवाचे थेंब कागदावर येऊ नयेत म्हणून मधे कोरडे फडके घालावे. पाच-सात मिनिटांत कापून होईल इतकाच आकार एका खेपेत घ्यावा, आणि पीठ चमकू लागले की काप अर्धवट असला तरी कागदासकट परत फ्रीझरमध्ये ठेवावे. अर्धा कापलेला आकार गार झाल्यावर पुढे कापता येतो, त्याने काही बिघडत नाही. पीठ चिकटते म्हणून वरून मैदा टाकत राहणे मात्र टाळावे, कारण तो मैदा भाजल्यावर कोरडा, पांढरट थर होऊन दिसतो आणि चवही कमी करतो.

प्रश्न : मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. वर्गात कुकीज कापण्याचा उपक्रम घ्यायचा आहे, पण मुलांच्या हातात सुरी देता येणार नाही. प्रत्येकाला स्वतःचा आकार करता यावा अशीही इच्छा आहे. (एक शिक्षिका, बार्शी)

उत्तर : आपल्या घराघरांत शंकरपाळ्या कापण्यासाठी जे कातण असते, ते येथे उत्तम चालेल. त्याच्या चाकाने बोट कापले जाण्याची भीती फार कमी असते आणि नागमोडी कड मुलांना आवडते. त्याने फक्त सरळ किंवा सौम्य वळणाच्या रेषा कापाव्यात. लहान वळणावर चाक पीठ ओढत नेते.

बाकीचे आकार वाटी, पेला आणि बाटलीचे झाकण यांतून निघतात, आणि ही भूमिती मुलांना स्वतः शोधू देण्यात फार गोडी आहे. वाटीने एक गोल कापून तीच वाटी थोडी सरकवून पुन्हा दाबली की चंद्रकोर मिळते. दोन्ही कापांच्या मधे जो भाग उरतो तो दोन्हीकडे टोके असलेल्या पानाचा असतो. त्या पानाला कातणाने कापलेला त्रिकोण जोडला की मासा तयार होतो, आणि दोन पाने एका टोकाशी जोडली की फुलपाखराचे पंख. जोडताना दोन्ही तुकड्यांच्या कडांना दुधाचे बोट लावून एकमेकांवर अर्धा सेंटिमीटर चढवावे आणि हलके दाबावे. नुसते शेजारी ठेवलेले तुकडे भाजल्यावर सुटतात. पेल्याची किंवा वाटीची कड पातळ असावी, जाड काठाने पीठ कापले न जाता चेपले जाते. सगळ्या मुलांचे आकार एकाच ट्रेवर भाजू नयेत : लहान आकार एका ट्रेवर आणि मोठे दुसऱ्यावर असे वेगळे करावेत, नाहीतर एखाद्या मुलाचा मासा करपेल आणि दुसऱ्याचे फुलपाखरू कच्चे राहील. कोणाची कुकी कोणती हे कळण्यासाठी कागदावर कुकीशेजारी पेन्सिलीने नाव लिहावे.

प्रश्न : येथे डिसेंबरात मुलांच्या शाळेत आले-मसाल्याच्या बिस्किटाची घरे बनवतात. ते पाहून मुलांनी दिवाळीत बिस्किटाचा किल्ला करायचा हट्ट धरला आहे. तटबंदी आणि बुरूज यांचे भाग कसे कापावेत? (एक वाचक, लंडन)

उत्तर : ही कल्पना आम्हाला मनापासून आवडली. युरोपातली ती घरे कागदी नमुन्यावरून, सुरीनेच कापली जातात. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात तर १९९१ पासून नाताळाच्या आधी अशा घरांचे अख्खे शहर मांडले जाते. तेव्हा आपला किल्लाही याच रीतीने उभा राहील.

यासाठी बटर कुकीचे पीठ कामाचे नाही, ते उभ्या भिंतीचा भार सोसत नाही. मैदा ५०० ग्रॅम, किसलेला गूळ २०० ग्रॅम, बटर १२० ग्रॅम, पाणी सुमारे १०० मिलिलिटर, सुंठ आणि दालचिनी असे घ्यावे. गूळ, पाणी आणि बटर मंद आचेवर केवळ विरघळेपर्यंत गरम करून, गाळून, कोमट झाल्यावर मैद्यात मिसळावे आणि गोळा दोन-तीन तास थंड करावा. या पिठात पाणी अधिक असल्याने अडचण उलटी येते : ते पसरत नाही, आक्रसते. म्हणून लाटल्यावर अर्धा तास विश्रांती देऊन मगच कापावे, नाहीतर २० सेंटिमीटरची भिंत आखूड होऊन बसेल.

प्रथम सगळा किल्ला जाड कागदाचा कापून, चिकटपट्टीने जोडून उभा करून पाहावा. त्यात एक हिशेब हमखास निसटतो तो जाडीचा. चौकोनी तटबंदीच्या समोरच्या आणि मागच्या भिंती २० सेंटिमीटरच्या असतील आणि पीठ सहा मिलिमीटर जाड असेल, तर त्यांच्यामध्ये बसणाऱ्या दोन बाजूंच्या भिंती १८.८ सेंटिमीटर लांब कापाव्या लागतात, तरच चौकोन चौरस राहतो. तटावरच्या चर्या, म्हणजे माथ्यावरचे दातांसारखे उंचवटे, कापताना प्रत्येक दात किमान दीड सेंटिमीटर रुंद ठेवावा. जंग्या म्हणजे तटातली मारा करायची छिद्रे, ती सुरीने न कापता शीतपेयाच्या नळीने पाडावीत. दरवाजाची कमान कापून निघालेला तुकडा फेकू नये, तोच भाजून अर्धा उघडा दरवाजा म्हणून लावता येतो.

बुरूज गोल हवा. त्यासाठी सात सेंटिमीटर व्यासाचा, प्लॅस्टिकचा भाग नसलेला स्टीलचा सरळ पेला घ्यावा, त्याला बटर पेपर गुंडाळून ट्रेवर आडवा ठेवावा आणि गडगडू नये म्हणून दोन्हीकडे फॉइलच्या गुंडाळ्या लावाव्यात. पेल्याचा अर्धा घेर ११ सेंटिमीटर भरतो, म्हणून पिठाची पट्टी तेवढीच रुंद कापून पेल्याच्या पाठीवर पांघरावी आणि तशीच भाजावी. अशा दोन अर्धनळ्या जोडल्या की एक बुरूज होतो.

सपाट भिंती १७० अंशांना १५ ते २० मिनिटे, कडक होईपर्यंत भाजाव्यात. ट्रे बाहेर काढल्यावर लगेच, बिस्कीट अजून मऊ असताना, कागदी नमुना पुन्हा वर ठेवून लांब पात्याच्या सुरीने कडा सरळ छाटाव्यात. हे दोन मिनिटांतच करायचे असते. निवल्यावर छाटायला गेल्यास भिंत तडकते. हे काम मोठ्यांनी करावे. निवल्यानंतर राहिलेला बारीक उंचवटा किसणीच्या बारीक बाजूने घासून काढता येतो.

सांध्यांसाठी रॉयल आयसिंग वापरावे : एका अंड्याच्या पांढऱ्या भागाला साधारण २०० ग्रॅम पिठीसाखर, सुरी उभी राहील इतके घट्ट. अंडे कच्चेच राहणार असल्याने लहान मुले खाणार असतील तर तिकडच्या दुकानांत मिळणारा पाश्चराइज केलेला पांढरा भाग किंवा मेरिंग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या भागाची भुकटी) घ्यावी. भिंती उभ्या केल्यावर आतून-बाहेरून डब्यांचा आधार देऊन रात्रभर वाळू द्याव्यात आणि बुरूज दुसऱ्या दिवशी चढवावेत.

प्रश्न : मैद्याऐवजी नाचणीचे पीठ वापरून असे आकार कापता येतील का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : संपूर्ण नाचणीचे जमणार नाही. नाचणीत ग्लुटेन नसल्यामुळे लाटताना कडांना भेगा पडतात आणि टोके गळून पडतात. मैद्याचा चौथा हिस्सा काढून त्याजागी बारीक चाळलेले, मंद भाजून थंड केलेले नाचणीचे पीठ घालावे आणि दुधाचा एक चमचा वाढवावा. पान, मासा, होडी असे सलग कडेचे आकार त्यात चांगले येतात. बारीक खाचांचे आकार घेऊ नयेत. नाचणीचा रंग मुळातच गडद असल्याने कुकी भाजली की नाही हे रंगावरून कळत नाही, म्हणून घड्याळावर लक्ष ठेवावे आणि कडेला बोट लावून ती घट्ट झाली का ते पाहावे.

प्रश्न : हाताने आकार कापताना साच्यापेक्षा कितीतरी अधिक कातरण उरते. ते पुन्हा मळून लाटले की कुकीज चिवट होतात. काय करावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कातरण मळू नये. थंड तुकडे कागदावर कडेला कड लावून मांडावेत, वर दुसरा कागद ठेवावा आणि लाटण्याने दाबत सलग पोळी करावी. मळण्याचा ताण न बसल्याने ग्लुटेन वाढत नाही आणि कुकी खुसखुशीत राहते. असे एकदा, फार तर दोनदा करावे. पहिल्या पोळीतून नाजूक आकार कापावेत आणि जोडलेल्या पोळीतून साधे, कारण जुन्या सांध्यावर बारीक टोक आले तर ते तेथेच तुटते. त्यानंतरही उरलेले तुकडे आहेत तसेच ट्रेच्या रिकाम्या कोपऱ्यात भाजावेत. ते दहा मिनिटांत होतात, म्हणून मुख्य कुकीजच्या आधी काढून घ्यावेत. निवल्यावर त्यांचा चुरा करून हवाबंद डब्यात भरला तर श्रीखंडावर किंवा कस्टर्डवर घालायला आठवडाभर कुरकुरीत राहतो.